रोजकीर्द

ज्या धंद्यात दुकानाला भिंत नाही, भांडवलाला भरवसा नाही आणि गिऱ्हाइकाला घाई नाही, त्या धंद्यात हिशेबाची वही ठेवण्याचा सोपस्कार सहसा कोणी पाळीत नाही. परंतु माझे वडील एका पेढीवर दिवाणजी होते, आणि नोकरी सुटल्यावर मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ जुन्या पुस्तकांची पथारी मांडताना त्यांनी पेढीवरली एकच गोष्ट बरोबर आणली, ती म्हणजे तांबड्या कापडी बांधणीची रोजकीर्द. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस नावे, आणि तारखेखाली विक्री का झाली किंवा का झाली नाही याचा एका ओळीचा खुलासा. हा खुलासा बहुधा दोहोंपैकी एका गोष्टीचा असे : सामना, नाही तर बातमी. वडिलांच्या पश्चात वह्या बदलल्या, पण खुलाशाची ती ओळ मी कधी तहकूब केली नाही.

२४ ऑगस्ट १९७१ ची नोंद त्यांच्या हातची आहे : 'गणेश चतुर्थी. कचेऱ्या बंद. ओव्हलवर जय. विक्री निरंक.' आदल्या दिवशी चंद्रशेखरच्या सहा बळींनी इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला होता, आणि वाडेकरांच्या संघापुढे १७३ धावांचे काम होते. गिऱ्हाईक येणार नाही हे ठाऊक असूनही वडील सणाच्या दिवशी पथारीवर का बसले, याचा खुलासा मात्र वहीत नाही. शेजारच्या पानवाल्याकडे ट्रान्झिस्टर होता, हे मला पुढे आईकडून कळले.

बातमी इतरांना वर्तमानपत्रातून कळते, आम्हांला ती पुष्कळदा रद्दीच्या गठ्ठ्यातून कळते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा हा लढा किती काळ तग धरील याविषयी अग्रलेखांतून तर्कवितर्क चालू असतानाच, लालबाग-परळच्या रद्दीवाल्यांकडून येणाऱ्या गठ्ठ्यांत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा दिसू लागल्या. कोपरे मुडपलेल्या, तेलाच्या डागांच्या, चाळीतल्या घराघरांतून फिरून आलेल्या. ज्या घराने धनंजय आणि झुंजार वजनावर विकायला काढले, त्या घरची भांडी आधीच मोडीत गेली असणार, हे ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. त्या वर्षाच्या रोजकिर्दीत आवक वाढत गेलेली आणि विक्री घटत गेलेली आहे.

पुढल्याच वर्षी, २५ जून १९८३ रोजी, लॉर्ड्सवर अवघ्या १८३ धावांच्या बळावर कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला, आणि सोमवारी कचेऱ्या उघडताच क्रिकेटवरचे काहीही चालेल असे म्हणणाऱ्यांची पथारीभोवती झुंबड उडाली. गावसकरांच्या १९७६ सालच्या 'सनी डेज'ची प्रत मी दुप्पट भावाने दिली. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात खरेदीचा आकडा सांकेतिक अक्षरांत शिसपेन्सिलीने टिपण्याची आमची वहिवाट आहे. त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईनंतर तीच प्रत गठ्ठ्यातून परत आली तेव्हा मी ती तत्काळ ओळखली. पहिल्याच प्रकरणात खुणेसाठी बसचे तिकीट घातलेले होते, आणि ते तिथून पुढे सरकलेले दिसत नव्हते. बातमीने पुस्तकाला भाव येतो; वाचक येतोच असे नाही.

या सिद्धांताला एक अपवाद वहीनेच दाखविला. १२ जून २००० रोजी पु. ल. देशपांडे गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक 'बटाट्याची चाळ' मागत आले. त्या प्रती मात्र माझ्याकडे परतल्या नाहीत. विचार करता ध्यानी आले की, हे गिऱ्हाईक बातमीने जन्मास घातलेले नव्हते. घरची प्रत कोणा पाहुण्याने नेऊन परत न केल्याची जुनी रुखरुख बातमीने जागी केली, इतकेच.

आणि एका श्रावणात, ना सामना ना बातमी अशा दिवशी, एक निवृत्त कारकून छत्री काखेत धरून पथारीपुढे उकिडवे बसले. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा एक सुटा खंड त्यांनी उचलला, पुठ्ठ्यावरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाले, "अहो, तेवीसांतला एवढाच राहिला होता." गरज बोलून दाखविली की घासाघीस संपते, हे बाजारातले पहिले सूत्रही त्यांना ठाऊक नव्हते. त्या रात्री खुलाशाच्या ओळीत काय लिहावे हे सुचेना. शेवटी 'गिऱ्हाइकाला हवा होता' असे लिहिले.

सामन्याच्या सकाळी मी आजही क्रिकेटची पुस्तके पुढल्या रांगेत मांडतो, आणि कोणी थोर लेखक निवर्तला की त्याची पुस्तके शोधून वर काढतो. यात मला संकोच वाटत नाही, कारण घरचा शिधा त्या विक्रीतूनच येतो. ज्ञानकोशाचे सुटे खंड विनाकारण जागा अडवितात, असे शेजारचे पथारीवाले म्हणतात, आणि ते खरेही आहे. परंतु त्या खंडांच्या गिऱ्हाइकाला येण्यासाठी कोणाच्या जयाची किंवा मरणाची वाट पाहावी लागत नाही.