राणीचा हार

आमच्या धर्मापुरीत सांजवेळी लागणारा प्रत्येक दिवा आई घराच्या नावाने ओळखते. गेल्या साली तिला मुंबईला नेले. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात, म्हातारीचा बूट पाहून, आम्ही कठड्याशी येऊन थांबलो. अंधारले आणि गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत समुद्राच्या कडेने दिव्यांची कमान उजळली.

"साडेतीन किलोमीटरचा रस्ता हा. ह्यालाच राणीचा हार म्हणतात," मी मास्तरी थाटात सांगितले.

आईने विचारले, "आन् ह्यातला आपल्या धाकल्याचा दिवा कंचा रं?"

धाकटा परळला खोलीत राहतो. पाच दिवाळ्या झाल्या, घरी आलेला नाही.

"इथून दिसत नाही. तिकडे, मागच्या बाजूला," मी म्हणालो.

आई वळली आणि त्या झाडांच्या काळोखाकडेच पाहत राहिली. राणीचा हार तिने पुन्हा पाहिला नाही.