तेस्तूरला कुणी रडत नाही

ट्युनिसला गेल्यावर जे पाहायलाच हवं असं सगळे सांगतात, ते मी निमूटपणे पाहून घेतलं. कार्थेजचे खांब, बार्दो संग्रहालयातली मोझाइकं, सिदी बू सईदची निळी दारं. त्या दारांपुढे फोटोसाठी लागलेली रांग पाहून निळ्या रंगाचाच वीट आला. मला ओढ होती ती तेस्तूरची. राजधानीपासून पाऊणशे किलोमीटरवर, मेजर्दा नदीच्या काठी स्पेनमधून हाकललेल्या माणसांनी वसवलेलं हे गाव.

ही माणसं म्हणजे मोरिस्को. बळजबरीने बाप्तिस्मा दिलेले स्पेनचे मुसलमान. बाप्तिस्मा घेऊनही ते संशयितच राहिले आणि 1609 मध्ये राजा तिसऱ्या फिलिपने त्यांना देशाबाहेर काढायचं ठरवलं. पाच वर्षांत सुमारे तीन लाख माणसं हाकलली गेली. त्यातली हजारो ट्युनिसच्या किनाऱ्याला लागली. तिथला शासक उस्मान दे याने त्यांना जागा दिली, वस्त्या वसवायला मोकळीक दिली.

तेस्तूरच्या चौकात पोचले तर समोरच मोठ्या मशिदीचा मिनार. खाली चौकोनी, वर अष्टकोनी, विटांचा. अरागॉनमधल्या एखाद्या चर्चचं घंटाघर म्हणून सहज खपेल असा. त्यावरच्या घड्याळाचे आकडे उलटे आणि काटेही उलटे फिरणारे. मी मान वर करते न करते तोच एक तरुण चिकटला. “आमच्या पूर्वजांना काळ मागे न्यायचा होता, अंदालुसियाला परतायचं होतं,” असं तो गहिवरून सांगू लागला आणि त्याच दमात त्याने दहा दिनार मागितले. हुकमी हळवेपणाची मला मनस्वी चीड आहे. मी तोंड फिरवलं, तर त्याने आणखी दोन कारणं काढली: अरबी उजवीकडून लिहितात म्हणून आणि काबाची प्रदक्षिणा याच दिशेने होते म्हणून.

कॉफीच्या दुकानाबाहेर लाल टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ हे सगळं ऐकत बसले होते. ते फ्रेंचमध्ये म्हणाले, “पहिलं कारण पर्यटकांसाठी, दुसरं शाळेतल्या मुलांसाठी, तिसरं इमामसाहेबांसाठी.”

“आणि खरं?”

“मादाम, हे घड्याळ कित्येक वर्षं बंदच होतं. 2014 मध्ये दुरुस्त झालं. बंद घड्याळाला कारण कोण विचारतं?”

या वाक्यावर मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले आणि तासाभराने त्यांच्या स्वयंपाकघरात होते.

मी मांस खात नाही हे कळल्यावर त्यांच्या पत्नीच्या चेहऱ्यावर आधी काळजी दिसली, मग संशय. नवऱ्याला त्यांनी काहीतरी विचारलं. गृहस्थांनी हसत भाषांतर केलं: “आजारी आहे का, असं विचारतेय.” मग बाईंनी खिम्याचं सारण बाजूला सारलं आणि गावचं ताजं चीज, भरपूर पार्सली आणि मिरपूड असं दुसरं सारण कालवलं. बनाधेज करायचे होते. पारी लाटायची, सारण भरायचं, दुमडायची, तळायची. थेट आपली करंजी. माझे हात शिवशिवले. मी पुढे सरसावून एका बनाधेजला झकास मुरड घातली. बाईंनी तो उचलला, उलटसुलट पाहिला, अख्खी मुरड उलगडली आणि कडा आपल्या पद्धतीने बोटांनी चेपून बंद केली. एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या आईनेही दुसऱ्याच्या करंजीचं हेच केलं असतं, त्यामुळे मला राग येण्याऐवजी घरी आल्यासारखं वाटलं.

हा पदार्थ स्पेनमधून आलेला. त्या घराचं आडनावही स्पॅनिश वळणाचं. म्हणजे निदान ताटावर तरी विरहाचा सूर लागेल, असं मला वाटत होतं. तो लागला नाही. गृहस्थ म्हणाले, “आमचे लोक आले तेव्हा त्यांना अरबीच येत नव्हतं. इथल्यांना वाटलं, हे तर ख्रिश्चन! नमाज कसा पढायचा तेही स्पॅनिशमध्ये शिकावं लागलं.”

हे ऐकून माझं कुतूहल खरोखर जागं झालं, कारण ती नुसती दंतकथा नाही. ट्युनिसमध्ये आलेल्या मोरिस्कोंनी इस्लामची शिकवण देणारे ग्रंथ चक्क कास्तिलियन भाषेत लिहिले. त्यांतल्या एका निनावी लेखकाने धर्म समजावताना मधेच लोपे दे वेगाच्या कविता दिल्या आहेत. देशाने हाकललं, पण त्या देशाचा कवी यांनी सोडला नाही. स्पेनमध्ये मुसलमान म्हणून संशय आणि इथे ख्रिश्चन म्हणून! अठराव्या शतकात आलेल्या एका स्पॅनिश पाद्र्याला तेस्तूरमध्ये अजून स्पॅनिश बोलणारी माणसं भेटली. म्हणजे पुरती शंभर वर्षं हे लोक आपल्यातच राहत होते, आपली भाषा धरून होते. ज्यूंचंही तेच. ज्यांच्या पूर्वजांना इबेरियातून परागंदा व्हावं लागलं आणि जे पुढे इटलीतल्या लिव्होर्नोहून ट्युनिसला आले, ते ज्यू 1710 मध्ये स्थानिक ज्यूंपासून रीतसर वेगळे झाले. धर्म एक, पण सिनेगॉग वेगळं. आल्या दिवशी मिसळून जा असं निर्वासितांना सांगणाऱ्यांनी हे हिशेब एकदा पाहावेत.

मग हे मोरिस्को मिसळले कसे? त्याचं उत्तर यजमानांच्या डोक्यावरच होतं. ती लाल लोकरी टोपी, शेशिया, तिचा मोठा धंदा मोरिस्कोंनीच उभारला. ट्युनिसच्या बाजारात मी तिची दुकानं पाहिली होती, पण तिचा प्रवास या टेबलावर कळला. टोपी विणायच्या आरियानाच्या बायका, तेही डोक्यापेक्षा कितीतरी मोठी. मग मेजर्दाकाठच्या एल बतानला गरम पाण्यात कुटून ती आटवायची, काटेरी बोंडांनी तिची लव उभी करायची, रंगवायची आणि पुन्हा बाजारात आणायची. एका टोपीत इतक्या गावांचा हात. तिथून ती सगळ्या ऑटोमन मुलखात विकली जायची. पाहुण्यांच्या धंद्यावर यजमानांच्या चुली पेटू लागल्या की पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे विचारायला कुणाला सवड नसते.

चीजचे बनाधेज गरम होते, वरचं कवच खुसखुशीत, आत खारट आणि मऊ. मी लाज सोडून खात होते. तोंड रिकामं झालं तशी एक खोडसाळ चौकशी केली. हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व द्यायचा कायदा स्पेनने 2015 मध्ये केला आणि मुदत संपेपर्यंत सव्वा लाखाहून जास्त अर्ज आले. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी असा कायदा झाला नाही. “झाला असता तर तुम्ही अर्ज केला असता?”

“मी? मी कशाला! मुलाने केला असता. त्याला तिकडे नोकरी करायची आहे. व्हिसाला बँकेचे कागद लागतात, विमा लागतो, पत्रं लागतात.” ते टोपी सारखी करत म्हणाले, “आमच्या लोकांना बाहेर काढलं तेव्हा एकही कागद मागितला नव्हता.”

बाईंना राहवेना. काय चाललंय ते त्यांनी विचारून घेतलं आणि झारा उगारून म्हणाल्या, “तो गेला तर डाळिंबं कोण उतरवणार?” तेस्तूरच्या डाळिंबांचं नाव मोठं आहे आणि यांची बाग नदीच्या बाजूला. त्यावर नवरा म्हणाला, उतरवायला आधी डाळिंबं हवीत, त्यांना पाणी हवं. सिदी सालेमचं एवढं मोठं धरण हाकेच्या अंतरावर आणि पाणी मात्र राजधानीला! हे वाक्य मी उजनीच्या काठावर मराठीत ऐकलेलं आहे. मग कालवा कोणी साफ करायचा, गेल्या खेपेला कुणाला मत दिलं, नगरपालिकेत कोण कुणाचा मेहुणा, यावर दोघांची जुंपली. भाषांतर करायचं भान गृहस्थांना उरलं नाही आणि मलाही त्याची गरज नव्हती. चौकातला तो पोरगा अंदालुसिया विकत होता. या घरात भांडण तेस्तूरच्या पाण्यावरून होतं. ज्या गावच्या नगरपालिकेला माणूस जेवता जेवता शिव्या घालतो, ते गाव त्याचं. मी आणखी एक बनाधेज ताटात ओढून घेतला.