चौपाटीवरचे दोन शिल्पकार

मुंबईला पाहुणा आला की त्याला मुंबई दाखवण्याचा एक ठरीव कार्यक्रम असतो. राणीची बाग, गेटवे, म्हातारीचा बूट आणि दिवस मावळताना गिरगाव चौपाटीवर भेळ. भेळेचा द्रोण हातात घेऊन पाहुणा पुतळ्याकडे पाहतो आणि विचारतो, "लोकमान्यच ना हे?" आपण मान डोलावतो. पण "कुणी घडवला हो हा पुतळा?" असे विचारणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे. आणि समजा भेटलाच, तर त्याला उत्तर देणारा गिरगावकर भेटेल अशी हमी मी देत नाही.

उत्तर सोपे आहे. रघुनाथ कृष्ण फडके. जन्म १८८४ चा, वसईचा. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले आणि याच वाळूवर त्यांना अग्नी दिला गेला. पुढे तेरा वर्षांनी, १९३३ साली, फडक्यांच्या हातचा पुतळा येथे उभा राहिला. स्वतः फडके मात्र मुंबईत राहिले नाहीत. ते माळव्यातल्या धारला गेले आणि तिथलेच झाले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७२ साली ते वारले. त्यांचा टिळक ऊन, पाऊस, खारा वारा आणि कबुतरे सोशीत उभा आहे. नाव मात्र वाऱ्यावर गेले.

हे काही एकट्या फडक्यांचे दुर्दैव नव्हे. फ्लोरा फाउंटनजवळ दादाभाई नौरोजी १९२५ पासून बसलेले आहेत. ते बाळाजी वसंत तालीम यांनी घडवले. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असेल? बरे, फाउंटन लांब राहिले. दादरच्या कुठल्याही चाळीत शिरा, चार बिऱ्हाडांत एक तरी शिर्डीच्या साईबाबांची तसबीर सापडेल, आणि बहुधा ती समाधिमंदिरातल्या संगमरवरी मूर्तीची असेल. १९५४ साली तिथे बसवलेली ती मूर्तीही तालमांचीच. रोज सकाळी आपण ज्या मुखाला उदबत्ती ओवाळतो, ते घडवणाऱ्या हातांचे नाव आपल्या गावीही नसते.

ब्राँझ टिकते, संगमरवर टिकतो, पण शिल्पकार टिकत नाही. मुंबईत हे असे का होते याचा विचार करताना मला त्याच चौपाटीवरचा दुसरा शिल्पकार आठवला. त्याची रीत नेमकी उलटी. त्याचे शिल्प अकरा दिवसांच्या वर टिकत नाही, आणि त्याचे नाव गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. अनंत चतुर्दशीला फडक्यांच्या टिळकांसमोरून हे दुसऱ्या जातीचे शिल्प समुद्राकडे जाते. टिळक पाहत असतात. उत्सवाला सार्वजनिक रूप देणाऱ्यांत ते अग्रणी होते, तेव्हा ही गाठभेट योग्यच म्हणायची.

या शिल्पाचे माहेर पाहायचे तर गिरगावातून सुरुवात करून लालबागला जावे. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. मूर्ती लहानशी, शाडूची; तिने सव्वाशेहून अधिक वर्षे आपली उंची वाढू दिलेली नाही. चाळीतल्या बिऱ्हाडासारखी आटोपशीर. तिथून चिंचपोकळीला या. इथले मंडळ १९२० चे. पुढे लालबागेत गणेश गल्लीचे मंडळ १९२८ चे, आणि राजाचे १९३४ चे. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तोवर हा सारा मुलूख कामगारांचा होता. कोकणातून, घाटावरून आलेली माणसे दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपत आणि वर्गणी काढून देव बसवत.

१९७७ साली गणेश गल्लीत दीनानाथ वेलिंग यांनी बावीस फुटांची मूर्ती उभी केली आणि परळ-लालबागच्या शिल्पाने मान वर केली ती केलीच. आश्चर्य असे की पुढे पाचच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला, धुराडी एकेक करून विझली, माणसे देशोधडीला लागली. पण मूर्तीची उंची कमी झाली नाही. रोजगार गेला, खोल्या गेल्या, गिरणीच्या जागी काचेचे मनोरे आले. त्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी वर्षातून एकदा आपलेही काही उंच असावे, असे इथल्या माणसाला वाटले तर त्यात नवल कसले?

या उंचीला ज्यांनी डौल दिला त्यांत विजय खातू यांचे नाव आधी घ्यावे लागते. वडील रामकृष्ण खातू मूर्तिकार. तेव्हा माती घरचीच. परळच्या कार्यशाळेतून त्यांनी मुंबईतल्या कितीतरी मंडळांच्या मूर्ती घडवल्या. चिंचपोकळीचा चिंतामणी हा त्यांतला सर्वांच्या डोळ्यांत भरलेला. त्याच्या आगमनाच्या दिवशी लालबागच्या पुलाखाली उभे राहायला जागा मिळत नाही.

मोठी मूर्ती म्हणजे लहान मूर्ती ताणून केलेली नव्हे. हे मला एका कार्यशाळेत आषाढाच्या पावसात उभे राहिल्यावर समजले. आत प्लास्टरची पांढरी धूळ, काथ्याचे भारे, परांचीवर चढलेली पोरे आणि रेडिओ. भक्त खालून पाहणार, म्हणून मस्तकाचे माप जमिनीवरच्या हिशेबाने धरून चालत नाही. खालून पाहताना ते खुजे दिसते. नजर समोर ठेवली तर देव भक्ताच्या डोक्यावरून पलीकडे पाहतो. ती किंचित खाली उतरवावी लागते. पोटाचा भार पुढे, म्हणून आतल्या सांगाड्याने तो मागे सावरायचा. शिवाय मूर्ती गाडीवरून जायची आहे, रस्त्याच्या खड्ड्यांतून. दगडातला शिल्पकार एवढा विचार करीत नसेल, कारण त्याच्या शिल्पाला मिरवणूक नसते.

सगळ्यांत शेवटी आखणी, म्हणजे डोळे. बाकीची कामे पोरे करतात, पण आखणीला मुख्य कारागीरच कुंचला धरतो. तोपर्यंत जे प्लास्टर होते ते त्या दोन रेषांनंतर पाहू लागते. मी पाहत होतो तेव्हा रेडिओ बंद झाला. कुणी बंद करायला सांगितल्याचे मला ऐकू आले नाही.

२०१७ च्या जुलैत विजय खातू अचानक गेले. गणेश चतुर्थी होती २५ ऑगस्टला. कार्यशाळेत अर्ध्या-मुर्ध्या मूर्ती उभ्या, मंडळांना दिलेले शब्द डोक्यावर. त्यांची मुलगी रेश्मा खातू पुढे आली आणि तिने ते काम पुरे केले. पुरुषांच्या समजल्या गेलेल्या या धंद्यात एका मुलीने परांचीखाली उभे राहून कारागिरांना हाक दिली. आज ती कार्यशाळा तिच्या नावाने ओळखली जाते. ब्राँझचा पुतळा पुरा झाला की शिल्पकाराची गरज संपते. मातीचे तसे नाही. ती दरसाल नव्याने हात मागते, म्हणून नावही जिवंत राहते. माझ्या कोड्याचे उत्तर मला इथे मिळाले.

शिल्प नाहीसे झाले तरी कल्पना उरते, हा विचार युरोपातल्या कलावंतांना मोठा नवा वाटला होता. फ्रान्समध्ये ईव्ह क्लाइन नावाचा एक तरुण कलावंत होऊन गेला. जन्म १९२८ चा, नीस शहरातला. निळ्या रंगाचे त्याला वेड. स्पंज त्या रंगात बुडवून त्याने शिल्पे केली. १९५८ साली त्याने पॅरिसमध्ये प्रदर्शन भरवले, ते रिकाम्या खोलीचे. भिंती पांढऱ्या, आत काही नाही, आणि पाहायला ही गर्दी! पुढे तो शून्य जागा सोन्याच्या मोबदल्यात विकू लागला. गिऱ्हाइकाने पावती जाळायची आणि क्लाइनने निम्मे सोने साक्षीदारांदेखत सीन नदीत टाकायचे, असा तो विधी. १९६२ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो वारला. कलासमीक्षकांनी त्याच्यावर ग्रंथ लिहिले. आपल्याकडे वर्गणीची पावती फाडून, महिनोन्‌महिने खपून केलेले शिल्प वाजतगाजत पाण्यात सोडणारी लाखो माणसे आहेत, त्यांच्यावर असे ग्रंथ कुणी लिहावेत असे कुणाच्या मनात येत नाही. क्लाइन थोर असेल. पण त्याने नदीत टाकताना निम्मे सोने मागे ठेवले होते, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

मात्र या नाहीसे होण्यातच सध्याची अडचण आहे. शाडू पाण्यात विरघळतो. प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही. म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर जाऊ नये. ओहोटीने परत आणून टाकलेले हात, सोंडा, मुकुट वाळूत पडलेले असतात. रात्री "मोरया" म्हणताना भरून आलेले डोळे सकाळी दुसरीकडे वळवावे लागतात.

याच प्लास्टरचे एक शिल्प जे. जे. कलाशाळेत आहे. गणपतराव म्हात्रे या विशीतल्या विद्यार्थ्याने १८९६ च्या सुमारास घडवलेली 'मंदिरपथगामिनी'. पूजेला निघालेली, नऊवारीतली तरुणी. तिच्यावर रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीत लेख लिहिला. ती टिकली याचे आपल्याला केवढे समाधान! तेच टिकणे समुद्रात मात्र पाप ठरते. वस्तू एकच, पण एकीने राहायचे असते आणि दुसरीने जायचे असते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारे नियम काढले. त्या साली करोनामुळे मंडळांच्या मूर्तींना चार फुटांची मर्यादा आली होती, आणि लालबागच्या राजाच्या मंडळाने तर मूर्ती न बसवता रक्तदान केले. पुढे वाद न्यायालयात गेला. २०२५ च्या उत्सवात उच्च न्यायालयाने प्लास्टरची मूर्ती घडवू दिली. सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडायच्या, मोठ्या मूर्तींना समुद्राची मोकळीक, असे ठरले. मूर्तिकार म्हणतात, बावीस फूट शाडू स्वतःच्याच भाराने खचेल, वाळायला ऊन मिळणार नाही, आणि मिळाले तरी ती गाडीवर चढणार कशी? समुद्राची बाजू घेणारे म्हणतात, मग बावीस फूट हवेतच कशाला? दोघांचेही खरे आहे. परळच्या त्या पोरांची चूल या धंद्यावर पेटते, आणि चौपाटीवरचे मासेही कुणाच्या तरी चुलीवरच जायचे असतात.

मला वाटते, निर्णय उंचीचा नाहीच. आपल्या या शिल्पाने पहिल्यापासून एक वचन दिलेले आहे, मी जाईन म्हणून. केशवजी नाईकांच्या चाळीतली लहानशी मूर्ती ते आजवर पाळते. लालबागच्या उंच मूर्तीने ते कसे पाळावे, कागदाच्या लगद्याने की आणखी कशाने, हे ज्यांना मस्तकाचे माप आणि नजरेचा उतार कळतो तेच शोधून काढतील. मात्र त्यांना तेवढा अवधी आणि दाम मंडळांनी दिला पाहिजे. १९७७ साली बावीस फुटांचा तोल सांभाळणारे हात हेही सांभाळतील.

विसर्जनाच्या रात्री सारी चौपाटी देवाला एकच सांगत असते, पुढच्या वर्षी लवकर या. देव ऐकतो की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परळच्या कार्यशाळेत मात्र ते ऐकले जाते, आणि पुढच्या पाद्यपूजनासाठी दोन पावले आधी घडू लागतात.