झोपेत ओलांडलेली नदी

आमच्या शाळेच्या नकाशात एस्टोनिया नावाचा देश नव्हता. युरोपच्या उजव्या अंगापासून थेट प्रशांत महासागरापर्यंत एकच रंग पसरलेला असे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत सोव्हिएत संघ. लालबागच्या चाळीतून, गिरणी कामगार युनियनच्या ओळखीने मिळालेल्या शिष्यवृत्तीवर मी ऐंशीच्या दशकात लेनिनग्राडला इंजिनिअरिंग शिकायला गेलो, तेव्हाही टॅलिन माझ्या लेखी रात्रीच्या गाडीने गाठायचं एक शहर होतं, एवढंच. हिवाळी परीक्षा संपल्या की हॉस्टेलमधले आम्ही परदेशी विद्यार्थी प्रवासाचा परवाना काढायचो. कुठे जावं असं विचारलं, तर रशियन मित्रांचं उत्तर ठरलेलं होतं: टॅलिनला जा, तिथे युरोप बघायला मिळेल.

ते खरंच होतं. पश्चिम युरोपातल्या गल्ल्या दाखवायच्या असल्या, की सोव्हिएत सिनेमावाले कॅमेरे घेऊन टॅलिनला किंवा रीगाला यायचे. पहाटेच्या अंधारात गाडी बाल्टी याम स्टेशनात शिरायची. बाहेर पडलं, की घराघरांतल्या शेगड्यांचा धूर आणि समोर लाल कौलांच्या निमुळत्या टोप्या घातलेले तटाचे बुरूज. ही तटबंदी अजूनही जवळजवळ दोन किलोमीटर उभी आहे. आत गेलं की बर्फाने मुक्या झालेल्या फरसबंद गल्ल्या आणि 1404 साली बांधून पूर्ण झालेल्या टाउन हॉलचा चौक. चौकाच्या कोपऱ्यावर एक औषधांचं दुकान आहे. 1422 सालच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख सापडतो आणि ते आजही चालू आहे. तेव्हा त्या चौकात आम्ही, दोन-तीन म्हाताऱ्या बायका आणि कबुतरं, याखेरीज कुणी नव्हतं.

पिक रस्त्यावर मायस्मोक हे 1864 सालापासूनचं कॅफे. त्याच्या काचेआड मार्झिपान रंगवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली आणि पाय तिथेच खिळले. बदामाचा मळलेला गोळा ती जुन्या साच्यात अंगठ्याने दाबून बसवायची, कडेचं जादा झालेलं सुरीने कापायची आणि साचा उलटा करून हलकेच ठोकायची. बाहेर पडलेल्या फिकट सशाला मग बारीक कुंचल्याने डोळे, कानांना गुलाबी छटा, गळ्यात निळी फीत. एक ससा झाला की लगेच दुसरा. वर मान करून ती बघायची नाही. तिथे आजही मार्झिपान हातानेच रंगवतात, आणि मुलं काचेला नाक लावून तशीच उभी असतात.

बाकी चौक बदलला. जुनं टॅलिन 1997 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि उन्हाळ्यात क्रूझ जहाजांतून माणसांचे लोंढे उतरू लागले. चौकभर छत्र्या, टेबलं, मध्ययुगीन पोशाखातले वेटर. मी तक्रार करत नाही, या शहराने पोटापाण्यासाठी पाहुण्यांना बोलावलं यात वावगं काही नाही. पण जाणाऱ्याला माझं आग्रहाचं सांगणं आहे, की सकाळी आठच्या आत गल्ल्यांतून एक फेरी मारा. ओलेविस्ते चर्चच्या मनोऱ्यावरही चढा. सव्वाशे मीटरच्या आसपास उंचीच्या त्या मनोऱ्यात तेव्हा केजीबीची रेडिओ यंत्रणा होती, आम्हाला खालूनच मान वर करून समाधान मानावं लागलं. आता उन्हाळ्यात तिकीट काढून वर जाता येतं आणि सगळं गाव पायाखाली दिसतं, पलीकडे समुद्रासकट.

माझा एक वर्गमित्र मूळचा टॅलिनचा. त्याच्यामुळे मी दुसऱ्यांदा गेलो तो त्याच्या घरीच उतरलो. टूम्पेआच्या टेकडीवर तो मला घेऊन गेला. किल्ल्याच्या कोपऱ्यात पिक हर्मन हा उंच बुरूज आहे आणि त्याच्यावर तेव्हा लाल निशाण होतं. मी वर बघत चाललो होतो. तो माझा दंड धरून म्हणाला, ‘‘वर बघू नकोस, पाय घसरेल.’’ बर्फ खरोखरच निसरडा होता, पण त्यानेही संपूर्ण चढावर एकदाही वर बघितलं नाही. 24 फेब्रुवारी 1989 रोजी त्या बुरुजावर निळा-काळा-पांढरा झेंडा चढला. सोव्हिएत राजवट अजून शिल्लक होती, स्वातंत्र्य 20 ऑगस्ट 1991 ला आलं. आता रोज सूर्योदयाला राष्ट्रगीताच्या सुरांवर झेंडा चढतो. गेल्या खेपेला आम्ही दोघं मुद्दाम पहाटे उठून गेलो. त्याचे गुडघे आता दुखतात, तरी तो संपूर्ण वेळ ताठ उभा होता.

विरू हॉटेलचीही गोष्ट अशीच. 1972 साली उघडलेलं हे हॉटेल परदेशी पाहुण्यांसाठी होतं. मी आत जाऊ शकत होतो, आणि माझा मित्र स्वतःच्या गावात दाराबाहेर उभा. लिफ्टमध्ये 22 मजल्यांची बटणं होती. 23व्या मजल्यावर केजीबीची माणसं पाहुण्यांच्या खोल्यांतली संभाषणं ऐकत बसायची आणि दारावर पाटी होती, ‘इथे काही नाही’. 2011 पासून तिथे संग्रहालय आहे. ते मार्गदर्शकासोबतच बघायचं असतं आणि बघितलंच पाहिजे. टेबलावरचे टेलिफोन, उपटलेल्या तारा, फोडलेली यंत्रं तशीच ठेवली आहेत.

सगळंच सुधारलं असं मात्र नाही. बंदरालगतचं लिन्नाहाल 1980च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या नौकांच्या शर्यतींच्या निमित्ताने उभारलं गेलं. समुद्राकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी ती प्रचंड दगडी इमारत माझ्या तरुणपणी नवीकोरी होती, तिथे आम्ही संगीताचा कार्यक्रम ऐकला होता. आज ती बंद आहे. सांध्यांतून गवत उगवलंय, भिंतींवर रंगाचे फवारे मारलेले आहेत. ‘टेनेट’ या चित्रपटाचा सुरुवातीचा प्रसंग इथे चित्रित झाला, तेवढाच काय तो उजेड. संध्याकाळी तिच्या छतावर तरुण पोरं समुद्र बघत बसतात. ती इमारत वाचावी असं मला मनापासून वाटतं. सोव्हिएत काळाची असली तरी ती याच देशातल्या वास्तुकाराने, राइने कार्पने, उभी केली आहे.

शहराच्या पूर्वेला गाण्याच्या उत्सवाचं मैदान आहे. उतारावर पसरलेलं गवत आणि खाली 1960 साली बांधलेली शिंपल्याच्या आकाराची कमान. हा उत्सव 1869 साली टार्टूत सुरू झाला आणि साधारण दर पाच वर्षांनी हजारो गायक एका सुरात गातात. मी पाहिलं तेव्हा मैदानावर बर्फ होता आणि कमानीखाली मुलं घसरगुंडी खेळत होती. मित्राच्या आई बरोबर होत्या. त्या माझ्याशी रशियन बोलायच्या, पण मोजून. त्या दिवशी त्या एकदम म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे दुसरं काही नाही, पण हे आहे.’’ 11 सप्टेंबर 1988 ला याच मैदानावर सुमारे तीन लाख लोक जमले, पंधरा-सोळा लाखांच्या देशात. पुढच्या वर्षी 23 ऑगस्टला टॅलिनपासून व्हिल्नियसपर्यंत स्वातंत्र्यासाठी सहाशेहून अधिक किलोमीटरची माणसांची साखळी झाली. मी तोवर मुंबईला परतलो होतो. मित्राचं पत्र आलं, की रस्त्याच्या कडेला तो आणि आई हात धरून उभे होते. त्या आता नाहीत. देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला, याचा मला फार आनंद आहे.

टार्टू तेव्हा राहून गेलं. 1632 सालचं विद्यापीठ असलेल्या या गावात परदेशी माणसाला रात्री मुक्काम करायची मुभा नव्हती, कारण गावाबाहेर राआदी इथे बाँबफेकी विमानांचा तळ होता. आज त्याच धावपट्टीच्या टोकाला एस्टोनियाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. 2016 साली उघडलेली ती लांबच लांब काचेची इमारत अशी आखली आहे, की धावपट्टीच हळूहळू वर उचलली गेल्यासारखी दिसते. आत शेतकऱ्यांची लाकडी भांडी, विणलेले हातमोजे, लग्नातले पट्टे. जिथून बाँबफेकी विमानं उडायची तिथे हे सगळं बघताना मी बराच वेळ बोललो नाही. गावातल्या टेकडीवर जुनी वेधशाळा आहे. इथल्या स्ट्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञाने 1816 ते 1855 या काळात नॉर्वेपासून काळ्या समुद्राजवळपर्यंत पृथ्वीचा कंस मोजला. त्याच काळात आपल्याकडे लॅम्बटन आणि मग एव्हरेस्ट हे इंग्रज भूमापक तसाच कंस मोजत होते. लॅम्बटनचा देह वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला 1823 साली पडला, हे टार्टूच्या वेधशाळेत उभं राहून आठवलं आणि दोन्ही जागा एकदम जवळ आल्या.

हाप्सालूला जमलं तर जा. झारच्या कुटुंबाला पाऊस लागू नये म्हणून बांधलेला 216 मीटर लांबीचा छताचा फलाट तिथे आहे. सारेमा बेटावरच्या कुरेसारेचा किल्लाही सुरेख आहे. तेव्हा ही बेटं सीमेच्या बंदोबस्तात होती आणि तिथे जायला मुख्य भूमीवरच्या एस्टोनियन माणसालाही परवाना लागे. आता मोटारी फेरीत चढवून लोक शनिवार-रविवार घालवायला जातात.

पण मला खरं ओढतं ते नार्वा. आमची रात्रीची गाडी ज्या नदीवरून जायची ती नार्वा नदी. ती आम्ही दर वेळी झोपेत ओलांडली, कारण दोन्ही काठ एकाच देशाचे होते. आज एका काठावर युरोपीय संघ संपतो आणि दुसऱ्यावर रशिया सुरू होतो. अलीकडे डॅनिश लोकांनी पाया घातलेला हर्मन किल्ला, पलीकडे तिसऱ्या इव्हानने 1492 साली बांधलेला इवानगोरोद. मध्ये इतकं अरुंद पात्र, की समोरच्या तटावर चालणारा माणूस दिसतो. फेब्रुवारी 2024 पासून पुलावर वाहनं बंद आहेत. माणसं चाकांच्या बॅगा ओढत पायी रांगेत उभी असतात: कुणाची आई पलीकडे, कुणाची मुलगी. गावात बहुतेक सगळे रशियन बोलतात. टॅलिनमध्ये मी हल्ली रशियन तोंडातून काढताना जरा अडखळतो, इथे मात्र बाकावरच्या आजोबांशी तास कसा गेला कळलं नाही.

जुनं नार्वा बरोक शैलीच्या घरांसाठी प्रसिद्ध होतं. 1944च्या युद्धात ते उद्ध्वस्त झालं आणि उरलेल्या भिंती पाडून सोव्हिएत काळात तिथे चौकोनी इमारती उठल्या. सतराव्या शतकातला टाउन हॉल मात्र सावरला गेला. आणि नदीच्या बेटावर क्रेनहोल्मची गिरणी. 1857 साली लुडविग क्नोपने धबधब्याच्या पाण्यावर चालणारी ही कापडगिरणी काढली, ती एके काळी जगातल्या मोठ्या गिरण्यांत गणली जाई. क्नोप हा ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सच्या यंत्रांचा प्रतिनिधी. प्लॅटचं नाव मी लहानपणापासून ऐकलेलं, बाबा साचाखात्यात होते. 1872 साली इथे पटकीची साथ आली आणि पाठोपाठ कामगारांनी संप केला, तो मोडायला सैन्य आणलं गेलं. 2010 साली गिरणी दिवाळखोरीत गेली. मी फिरायला गेलो तेव्हा मार्गदर्शक बाई म्हणाल्या, की त्यांच्या आई आणि आजी दोघी इथल्या. ओळीने रिकाम्या खिडक्या, थांबलेली घड्याळं, भिंतीवर पाळ्यांचे आकडे. धरणामुळे धबधबाही बहुतेक काळ कोरडा असतो. 82च्या संपानंतरचं आमचं गिरणगाव अगदी असंच गप्प झालं होतं. मी त्यांना बाबांचं सांगितलं. त्यांनी मला ठरलेल्या वाटेबाहेर नेऊन कामगारांच्या लाल विटांच्या चाळी दाखवल्या.

लेनिनग्राड, म्हणजे आताचं सेंट पीटर्सबर्ग आणि टॅलिन यांना जोडणारी प्रवासी गाडी 2020 साली थांबली ती थांबलीच. मला ती गाडी हवी आहे: तिचा काचेच्या पेल्यातला चहा, वरच्या बर्थवरची घोंगडी, पहाटेचे बुरूज. हे मी मित्राला बोललो नाही, कारण त्याच रुळांवरून त्याच्या आजोबांच्या पिढीतल्या किती माणसांना हद्दपार करून पूर्वेकडे नेलं गेलं, हे त्याच्या घरात बसून ऐकलं आहे. टॅलिनहून पार्नू आणि रीगामार्गे पोलंडकडे जाणाऱ्या ‘रेल बाल्टिका’चं काम सध्या चालू आहे. तिचे रूळ रशियन मापाचे नाहीत, युरोपीय मापाचे आहेत. मित्राने ते खोदकाम मला मोटार थांबवून दाखवलं, आणि ती सुरू झाली की पार्नूच्या किनाऱ्यापर्यंत एकत्र जायचं असं आम्ही ठरवून टाकलं आहे. खिडकीची जागा त्याने आधीच मागून घेतली आहे.