तंद्री



आज पाठाची तयारी नाही, एक कबुली लिहितेय. मुलीच्या आईला विचारूनच लिहितेय. मुलीचं नाव मात्र देत नाही, छकुली म्हणू.

तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. छकुली वाचता वाचता मध्येच थांबायची. नजर एकीकडे, पापण्या जराशा फडफडायच्या. दहा सेकंद, फार तर पंधरा. मग पुन्हा वाचायला लागायची, पण ओळ चुकलेली. श्रुतलेखनात मधलेच दोन-तीन शब्द गाळलेले. मी काय केलं? "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून वर्गासमोर उभं केलं. एकदा वैतागून 'तंद्री' म्हणाले, पोरांनी तेच नाव पाडलं. वर्णनात्मक नोंदीतही लिहिलं, 'अध्ययनाकडे लक्ष नसते.' डी.एड.ला 'अवधान' या घटकावर छान उत्तर लिहिलं होतं मी!

एक दिवस खिचडीच्या वेळी ती घास हातात धरून थांबली. भुकेलं पोर खाताना कशाला थांबेल? हाक मारली, खांद्याला हात लावला, काहीच नाही. भानावर आली आणि घास तोंडात घातला. मी हाक मारली हे तिला माहीतच नव्हतं.

मग आठवडाभर वहीत वेळा लिहिल्या. एका दिवसात मला दिसल्या त्याच आठ. आईला बोलावलं. आजीनं आधीच अंगारा आणला होता. मी 'फिट' शब्द काढल्यावर आई घाबरलीच. "बाई, ती पडत नाही कधी, फेस येत नाही. हा शब्द कुठं बोलू नका, मुलीची जात आहे."

जिल्ह्याच्या गावी मेंदूविकारतज्ज्ञांकडे मी सोबत गेले. त्यांनी माझी वही नीट वाचली, मग छकुलीला दोन-तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला. आमच्यासमोरच ती थांबली! नंतर डोक्याला तारा लावून ईईजी काढला. दुखत नाही, मेंदूतल्या विजेच्या लहरी फक्त नोंदल्या जातात. हाही अपस्मारच. मेंदूच्या पेशी बारीक विद्युत संदेशांनी काम करतात. त्या काही क्षण एकदम एका तालात पेटल्या की भान जातं. मूल पडत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

आईनं विचारलं, "माझं काय चुकलं?" डॉक्टर म्हणाले, काही नाही. हा प्रकार बहुतेक वेळा जनुकांतून येतो. बाकी अपस्मारामागे जन्मावेळी प्राणवायू कमी पडणं, डोक्याला मार, मेंदूज्वर अशी कारणं असतात. फीतकृमीची अंडी घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जाऊन मेंदूत गाठी होतात, हेही आपल्या देशातलं मोठं कारण. हात धुण्याचा पाठ मी आता वेगळ्याच जोरानं घेते. पुष्कळांत कारण सापडतही नाही. पण औषध नियमित घेतलं तर सुमारे ७० टक्के लोकांचे झटके थांबू शकतात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचं नाही. साधारण दोन वर्षं झटका आला नाही तर डॉक्टरच कमी करायचं बघतात.

लग्नाचं मी आईला सांगितलं. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख होता, १९९९ साली तो काढून टाकला. कायद्यातनं गेला, घरातनं जायला वेळ लागेल.

मी शिकत असताना वर्गातला एक मुलगा झटका येऊन पडला होता. गुरुजींनी त्याच्या नाकाला चप्पल लावली, दातांत चमचा घातला. दात तुटला. असं काहीच करायचं नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर नको, मऊ काही ठेवा, हातपाय दाबू नका, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लगेच दुसरा झटका आला तर १०८ ला फोन.

छकुलीचं औषध सुरू आहे. काही आठवड्यांतच थांबणं जवळजवळ गेलं. एकदा वही तपासताना हळूच म्हणाली, "बाई, मला तुमचं मधलं मधलं ऐकूच यायचं नाही." मला काही बोलता आलं नाही. ती नोंद शाईची होती. तिच्याखाली दुसरी लिहिली, तारीख घालून. 'तंद्री' मात्र पूर्ण गेलेलं नाही. परवा मैदानावर एकानं हाक मारलीच, आणि ती "ओ" देऊन पळतही गेली.