मेनू कोपऱ्यातच हवा

संगणक बदलायचा म्हटलं की लोक आधी किंमत विचारतात, मग रॅम. आमच्याकडे पहिला प्रश्न होता, अब्बांना तो वापरता येईल का?

अब्बा ७६ वर्षांचे. निवृत्त उर्दू शिक्षक. संगणकाला त्यांनी हात लावला तो साठीनंतर, आणि तोही केवळ इनपेजसाठी. ज्यांनी तरुणपणी कातिबासमोर बसून मजकूर लिहून घेतला, त्यांना नूरी नस्तालीक पडद्यावर उमटताना पाहून काय वाटलं असेल, ते मला सांगता यायचं नाही. पण तेव्हापासून रोज फजरच्या नमाजनंतर तासभर ते टाइप करतात. गावच्या आठवणी, जुन्या उस्तादांची व्यक्तिचित्रं, कधी एखादं लांबलचक पत्र. अशा ८४ फायली. नव्या यंत्रासमोर ते गोंधळले असते तर तक्रार केली नसती, गुपचूप लिहिणं थांबवलं असतं. ती भीती खरी होती.

जुना डेस्कटॉप आता सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेत होता. पुण्याच्या भाच्यानं आपला वापरलेला लॅपटॉप पाठवला. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, आत विंडोज १०. आमच्या कामाला भरपूर. अडचण इतकीच की विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. सोलापुरातल्या एका दुकानदारानं "मॅडम, पाचशे द्या, नियमाला बगल देऊन अकरा टाकतो, वर ऑफिसपण फुकट" असं सुचवलं. परीक्षेत कॉपी पकडणाऱ्या बाईनं घरी हे करावं, हे काही मला पटेना. नवा लॅपटॉप घ्यायला चाळीस हजार नव्हते.

म्हणून लिनक्स. शाळेतल्या सहकाऱ्यांचं म्हणणं, "ते इंजिनिअर लोकांचं असतं." केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात, हे सांगितल्यावर त्यांचा आवाज थोडा खाली आला.

लिनक्सची एक सोय मला फार आवडली. पेन ड्राइव्हवरून ते चालवून बघता येतं, लॅपटॉपमधलं काही न पुसता. मी दोन पर्याय निवडले, दोन्ही विंडोजच्या वळणाचे. एक झोरिन. आयर्लंडमधल्या दोन भावांनी सुरू केलेलं, देखणं, पडद्याची मांडणी हवी तशी बदलून देणारं. दुसरं लिनक्स मिंट, २००६ पासूनचं, त्याची सिनॅमन आवृत्ती. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ.

झोरिनच्या नव्या आवृत्तीत खालची पट्टी गोल कडांची, कडेपासून थोडी सुटलेली असते. अब्बा चष्मा वर सरकवून म्हणाले, "बेटा, ये पट्टी अधर में क्यों लटकी है?" बदलता आली असती. पण मिंट लावल्यावर त्यांनी काही न विचारता डाव्या कोपऱ्यात क्लिक केलं. तिथेच निर्णय झाला.

इथवर सगळे सांगतात तसंच. चेहरा ओळखीचा असला की काम झालं, असं लोक मानतात. माझ्या मते चेहऱ्याला आपण फाजील महत्त्व देतो. मेनू शोधायला नवख्यालाही दोन दिवस पुरतात. खरी ओळख बोटांत असते, आणि आमच्या घरात बोटं दोन लिप्यांची आहेत. मी मराठी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. शिफ्ट धरून एन दाबला की ळ, शिफ्ट धरून जे दाबला की ऱ. ही कळफलकाची मांडणी प्रमाणित असल्यामुळे विंडोजवरून मिंटवर जशीच्या तशी आली. एका बोटालाही नवं शिकावं लागलं नाही. अब्बांचं तसं नव्हतं. इनपेजचा फोनेटिक आणि मिंटमधला उर्दू फोनेटिक हे सख्खे नव्हेत, चुलतभाऊ. काही अक्षरं दुसऱ्याच कळांवर. मी एका पुठ्ठ्यावर ती मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली.

एक गोष्ट मात्र आग्रहानं सांगेन. कळफलक निवडताना उर्दूचाच निवडा, अरबीचा नको. उर्दूचा ये आणि काफ शब्दात बसल्यावर बहुतेक ठिकाणी अरबीसारखेच दिसतात, पण युनिकोडमध्ये ते वेगळे वर्ण आहेत. एका कळफलकावर लिहिलेला शब्द दुसऱ्यावर टाइप करून शोधलात, तर डोळ्यांसमोर असूनही संगणक तो नाही म्हणू शकतो.

दुसरा पेच लिबर ऑफिसमध्ये. देवनागरी आणि उर्दू, दोन्ही लिप्या तिथे एकाच गटात धरल्या जातात आणि त्या गटाला एकच फॉन्ट ठरवता येतो. माझ्या प्रश्नपत्रिकेत एक ओळ मराठीची, खाली तिचं उर्दू. नस्तालीक ठरवला तर मराठीला भलताच फॉन्ट यायचा, मराठीचा ठरवला तर उर्दू नस्खमध्ये उभी राहायची, जणू कुणी इस्त्री करून सरळ केली. दोन वेगळ्या स्टाइल केल्या, मराठीची डावीकडून, उर्दूची उजवीकडून. आता एका क्लिकवर बदलते. फॉन्टपैकी नोटो नस्तालीक ओळींत फार जागा खातो, छपाईला जमील नूरी बरा.

राहिलं इनपेज. ते विंडोजसाठी बनलेलं, आणि अब्बांच्या प्रतीतल्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. म्हणून जुना डेस्कटॉप बंद करण्याआधी तीन रविवार आम्ही तेच केलं. प्रत्येक फायलीची पीडीएफ काढायची, मग मजकूर युनिकोडमध्ये उतरवायचा. उतरवताना कुठे हमजा गळायचा, कुठे दोन शब्द चिकटायचे. मी पडद्यावर वाचायचे, अब्बा छापील कात्रण धरून तपासायचे. या तीन रविवारांत मला माझ्या आजोबांबद्दल जे कळलं, ते ४५ वर्षांत कळलं नव्हतं. संगणक बदलणाऱ्या कुणीही आधी हे काम करावं, यंत्र नंतर निवडावं.

७३ फायली नीट उतरल्या. ११ उघडल्याच नाहीत, जुन्या सीडीवरून येतानाच बिघडलेल्या असाव्यात. त्यांची कात्रणं आहेत. अब्बा त्या सकाळी पुन्हा टाइप करताहेत, पुठ्ठ्याकडे अधूनमधून बघत. मी एक ताडून पाहिली तर अर्धी वाक्यं वेगळी. विचारलं, तर म्हणाले, "तब जल्दी में लिखा था."