पावसाची पाठ

जुलैच्या मध्यावर दहिवडीच्या बाजारात आभाळ भरलेलंच असतं. पश्चिमेकडून ढगांचे लोट येतात, डोक्यावरून जातात आणि पूर्वेला निघून जातात. खाली वारा असा की भाजीवालीला ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागतात. पाऊस मात्र नाही. चहाच्या गाडीवर एखादा नवखा "आज धरलंय बरं का" म्हणाला, तर शेजारचा पटकेवाला आबा मान वर न करता सांगतो, "न्हाई पाव्हणं, ती वाटसरू हैत. आपल्याकडं मुक्काम न्हाई त्येंचा."

त्याच दिवशी त्याच सातारा जिल्ह्यात, सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या महाबळेश्वरात, निखाऱ्यांवर टोपलं पालथं घालून त्यावर कपडे वाळवणं चाललेलं असतं. काडेपेटी शिलगत नाही, चपलांवर बुरशी चढते, धुक्यात समोरचं घर दिसत नाही. तिथं वर्षाला साधारण ५,५०० ते ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. दहिवडीच्या माण तालुक्यात जेमतेम ५००, तोही आला तर. एका जिल्हाधिकाऱ्यानं एकाच आठवड्यात दरडींची आणि टँकरची काळजी करायची, असा हा जिल्हा.

जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरून गार वारा धावतो, हे मान्सूनबद्दलचं शाळेतलं उत्तर खोटं नाही. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली १६८६मध्ये साधारण हेच सांगत होता. पण आबांच्या पटक्याचं टोक फडफडवणारा वारा निघालेला असतो विषुववृत्ताच्या पार पलीकडून, मादागास्करच्या पूर्वेच्या समुद्रावरून. तिथं हवेचा दाब जास्त, इकडं तापलेल्या राजस्थान-सिंधवर कमी. वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यानं उजवीकडे वळतो, सोमालियाला घासून अरबी समुद्रावर येतो आणि वाटभर बाष्प पीत आपल्या किनाऱ्याला लागतो. एवढ्या प्रवासात त्याला आडवा येणारा पहिला मोठा अडसर म्हणजे सह्याद्री.

कोकणातून हा डोंगर भिंतीसारखा उभा आहे. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर हवा गार होते, बाष्पाचे थेंब होतात आणि पोलादपूर, महाबळेश्वर, कोयनेच्या रानावर ते रिते होतात. माथा ओलांडला की हवा उतरते, उतरताना तापते, तापली की उरलेले थेंब धरून ठेवायचे सोडून पुन्हा पिऊन टाकते. पाचगणीपर्यंतच पाऊस निम्म्याच्या खाली येतो. वाईत छत्री पुरते. पुढं खटाव, माण. माणदेशाच्या वाट्याला मान्सून येतो तो वारा म्हणून.

त्यामुळं इथलं पंचांगही वेगळं. कोकणातल्या माणसाचा जीव मृगात अडकलेला, तर माणच्या शेतकऱ्याचा उत्तरा आणि हस्तात. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस ही पुनर्वसू-पुष्याची नावं इथंही घेतात, पण थट्टेच्या सुरात. जूनच्या चार सरींवर बाजरी टाकायची ती जुगार म्हणून. खरी भिस्त परतीच्या पावसावर. तो पूर्वेकडून येतो, दुपारभर उकडवून संध्याकाळी कडाडतो, आणि त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. ज्या दोन नक्षत्रांत हे घडायचं, ती कोरडी गेली की दुष्काळ. 'बनगरवाडी' कादंबरीतली वाडी अखेर ओस पडते ती अशाच एका दुष्काळात, आणि २०१२-१३मध्ये म्हसवडजवळच्या चारा छावणीत गुरांबरोबर राहायला गेलेल्या माणसांना ती कादंबरी वाचायची गरज नव्हती.

धनगरांनी यावर फार पूर्वी उपाय काढला. पाणी डोंगर ओलांडून येत नाही ना, मग मेंढरांनी ओलांडायचा. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून वाडे घाटानं कोकणात उतरतात, कापलेल्या भातखाचरांत मेंढरं बसवून त्या खताच्या बदल्यात धान्य घेतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरतात. कोकणातला चिखल मेंढराला सोसत नाही. माणचा कोरडा जुलै त्याला मानवतो. पावसाच्या पाठीमागं राहण्याचा एवढा एक फायदा.

सरकारनं काढलेला उपाय जास्त गुंतागुंतीचा आहे. कोयनेच्या शिवसागरात १०५ टीएमसी पाणी मावतं. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पडलेलं हे पाणी खरं तर कृष्णेचं. त्यातलं बरंच बोगद्यातून पुन्हा पश्चिमेला, पोफळीकडं सोडतात, त्यावर वीज होते आणि पाणी वाशिष्ठीतून चिपळूणवरून समुद्राला मिळतं. दुसरीकडं जिहे-कठापूरला कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्यानं माण-खटावकडं चढवायचं, त्याला पुन्हा वीज. कालव्याला पाणी आलं की म्हसवड भागात ऊस दिसू लागतो, ज्याच्यावर रागवावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तीन पिढ्या टँकरकडं बघत बसलेल्याला ज्वारीच लाव म्हणणं सोपं आहे. राज्यातल्या बऱ्याच उपसा योजना थकलेल्या वीजबिलापायी कधी ना कधी बंद पडल्या आहेत. म्हणून हल्ली चहाच्या गाडीवर ढगांपेक्षा जास्त चर्चा असते ती पंप कधी सुरू होणार आणि बिल कोण भरणार याची.